क्लासिक ३५० चं बोअर-पिस्टन निघालंय, त्यातच ५३५ करून घ्यावं का? (कुंभार्ली घाट, डबलसीट)

कुंभार्लीचा_मास्तर | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धवट माहितीवर सल्ला मागणं बरं नाही, म्हणून सगळं सांगतो.

गाडी क्लासिक ३५०, २०१२ ची, यूसीई (इंजिन-गियरबॉक्स एकाच केसमध्ये) इंजिन, कार्ब्युरेटरवाली. ७१,००० किलोमीटर झालेत. गाडी आमच्या अण्णांची. ते एसटीत ड्रायव्हर होते, कराड-चिपळूण मार्गावर बरीच वर्षं काढली. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी स्वतःसाठी म्हणून जी एकच वस्तू घेतली ती ही बुलेट. अण्णा गेले, गाडी माझ्याकडे आली. विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे, त्यामुळे 'नवीन ६५० घ्या' हा सल्ला कृपया देऊ नका.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. नेमणूक गुहागर तालुक्यात, घर कराडला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दुपारी निघतो. चिपळूण, शिरगाव, पोफळी आणि मग कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराड. सोमवारी पहाटे चारला उलटा प्रवास. सात वर्षं झाली. मे आणि दिवाळीच्या सुट्टीत बायको मागे असते, दोन्ही बाजूंना बॅगा.

तक्रार अशी की गेल्या वर्षभरात गाडी घाटात दम टाकते. पूर्वी तिसऱ्यावर सहज निघायची त्या वळणांवर आता दुसरा टाकावा लागतो. तेल हजार किलोमीटरला पाव लिटरच्या आसपास कमी होतं. एप्रिल-मेमध्ये घाट चढून वर थांबलो की टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा) टकटक आवाज येतो, पंधरा मिनिटं गार झाली की जातो. पोफळीच्या वर जांभ्या दगडाचा ट्रक पुढे लागला की ओव्हरटेक करायची हिंमत होत नाही. मागे बायको असते.

मेस्त्रींनी बघितलं आणि म्हणाले बोअर-पिस्टन (झिजलेलं सिलिंडर कापून नवा पिस्टन) करावं लागेल, तेरा-चौदा हजार. पुढे असंही म्हणाले की इंजिन खोलतोच आहोत तर ५३५ चा किट (मोठा पिस्टन-सिलिंडर घालून इंजिन ५३५ सीसीचं करायचं) टाकू, सगळं मिळून पंचावन्न हजार, घाट चौथ्यावर चढाल. तेव्हापासून झोप नाही. पैसे जमवता येतील. भीती उष्णतेची आहे आणि भरवशाची आहे. पहाटे पाच वाजता कुंभार्लीत गाडी बंद पडली तर तिथे कोणी नसतं, मोबाईलला रेंजही नसते.

ज्यांनी हे काम स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं. ताकद वाढली की तापणं किती वाढतं? आणि रोजच्या वापराला ते इंजिन टिकतं का?

---

थंपर_हडपसर | रविवार, रात्री ११:३५

सर, माझ्या क्लासिक ३५० ला तीन वर्षांपूर्वी ५३५ किट बसवलाय. चांगलं-वाईट दोन्ही सांगतो.

चांगलं आधी. गाडी पूर्ण बदलते. ६० ला चौथ्यावर असताना नुसतं पिळलं की निघते, गियर खाली आणायची गरज पडत नाही. खंबाटकीत डबलसीट असताना मागच्याला कळतसुद्धा नाही की चढ लागला. ही मजा खरी आहे. ज्याने अनुभवली नाही त्याने तिला नावं ठेवू नयेत.

आता दुसरी बाजू. बसवल्यावर आठव्या महिन्यात, मे महिन्यात, पुण्याहून सोलापूरला निघालो. इंदापूरच्या पुढे सलग पाऊण तास १०० च्या वर चालवली. अचानक कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी जड झाली, मी क्लच दाबला म्हणून मागचं चाक लॉक झालं नाही. पिस्टन धरला होता. खोलल्यावर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे. कारण असं निघालं की किट बसवणाऱ्याने कार्ब्युरेटर तोच २९ मिमीचा ठेवला होता, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) अंदाजाने टाकला होता, आणि मी वर फ्री-फ्लो सायलेन्सर लावला होता. हवा जास्त, पेट्रोल कमी. लीन इंजिन आतून भाजतं आणि बाहेरून काही कळत नाही. उलट गाडी जास्त हलकी पळते असं वाटतं.

परत होनिंग, नवा पिस्टन, जेटिंग नीट, बाहेरून ऑइल कूलर. त्यानंतर दोन वर्षं त्रास नाही. पण एकदा सेल्फचा स्प्रॅग क्लच गेला, कारण मोठा पिस्टन फिरवताना स्टार्टरवर भार जास्त. आता रोज किक मारतो. अ‍ॅव्हरेज ३५ वरून २५ वर आलं.

म्हणजे होतं, पण पंचावन्न हजारांत होत नाही. माझे ऐंशीच्या वर गेले. आणि माझ्याकडे ऑफिसला जायला दुसरी गाडी आहे, हेही सांगायला हवं.

---

लेथ_उद्यमनगर | सोमवार, सकाळी ७:०५

मास्तर, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला चौतीस वर्षं बोरिंग मशीनवर आहे. बुलेटचे ब्लॉक किती केले मोजले नाहीत. तुमचा प्रश्न नीट मांडलाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

३५० चा बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ७० मिमी. ५०० चा ८४, ५३५ चा ८७. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) तिन्हींचा ९० च. म्हणून लोकांना वाटतं, क्रँक तोच, वरचं डबडं बदललं की झालं. तसं नसतंय. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ ७० वरून ८७ वर गेलं की दीडपटीच्या वर जातंय. तुम्ही गणित करून बघा, ५४ टक्के वाढ येईल. आत तेवढाच दाब तयार झाला तरी कनेक्टिंग रॉडवर आणि बिग एंडच्या (रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) बेअरिंगवर बसणारा दणका तेवढ्या पटीनं वाढला. आणि ते बेअरिंग ७१,००० चाललेलं हाय. शिवाय पिस्टन जड झाला, मग क्रँकचा बॅलन्स बदलतो, हँडल आणि फूटरेस्टला थरथर वाढते. क्रँक बाहेर काढून परत बॅलन्स करणारे किती जण आहेत ते तुमच्या मेस्त्रींना विचारा. बहुतेक जण करत नाहीत.

क्रँककेसचं तोंड पण मोठं करावं लागतं, ८७ ची स्लीव्ह ७० च्या भोकात जात नाही. म्हणजे इंजिन तळापर्यंत उघडायचं. आणि एकदा केस कापली की ती परत जोडता येत नाही. पुढं कधी तुम्हाला वाटलं, अण्णांची गाडी होती तशी करावी, तर होणार नाही. हे कोण आधी सांगत नाही म्हणून मी सांगतोय.

आता तापण्याबद्दल. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, स्लीव्ह बिडाची. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. आणि पिस्टन जेवढा मोठा, तेवढं त्याचं फुगणं मिमीत जास्त. म्हणून मोठ्या पिस्टनला गॅप जास्त ठेवावा लागतो. गॅप जास्त ठेवला तर थंडीत सकाळी पिस्टन खडखडतो, कमी ठेवला तर उन्हाळ्यात धरतो. कंपनी हे महिनोन्‌महिने चाचण्या करून ठरवते. किटवाला एक कागद देतो.

एक गोष्ट ध्यानात घ्या. कंपनीनं स्वतः ५३५ काढलं ते २०१३ च्या कॉन्टिनेंटल जीटीला. पण ते ५०० च्या इंजिनावरनं, ८४ चं ८७ केलं, तीन मिमी. फ्युएल इंजेक्शनसकट. आणि ताकद किती वाढली? २७.२ ची २९.१. ७० चं ८७ कंपनीनं कधी केलं नाही.

---

काळा_कोट_सातारा | सोमवार, सकाळी ९:२०

तांत्रिक बाजूत मी पडत नाही. कायद्याचं तेवढं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. आरसीवर ३४६ सीसी लिहिलेलं असतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रस्त्यावर कोणी इंजिन उघडून बघत नाही हे मान्य. पण उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, तर तो बघू शकतो. शिवाय तुमची गाडी २०१२ ची, म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतात. नोंदणी वाढवायला गाडी आरटीओत तपासणीला न्यावीच लागेल.

---

वाशिष्ठीकाठ | सोमवार, दुपारी २:४८

सर, मी चिपळूणचा, तुमचा घाट माझाही घाट. इलेक्ट्रा होती, आता थंडरबर्ड आहे, इंजिन तुमचंच.

बोअर करायच्या आधी एक तपासणी फुकटात होते, ती करा. सोमवारी पहाटे कोयनेकडून उतरताना एक लांब उतार पूर्ण रेस बंद ठेवून इंजिन ब्रेकवर उतरा. पोफळीच्या सपाटीला आलात की एकदम रेस द्या आणि आरशात बघा. त्या क्षणी निळा धुराचा गोळा सुटला आणि मग थांबला, तर तेल व्हॉल्व्हच्या गाईडमधून (व्हॉल्व्ह सरकतो ती नळी) आणि सीलमधून जातंय. चढताना ताण असेपर्यंत धूर येत राहिला, तर रिंगा आणि बोअर. दोन्ही वेगळी कामं आहेत. मेस्त्री बरेचदा दोन्हीला एकच औषध देतात.

टॅपेटचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. आपल्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते तेलाच्या दाबावर चालतात. तेल फार तापून पातळ झालं किंवा पातळी खाली गेली की आवाज करतात. १५डब्ल्यू-५० च टाका आणि निघायच्या आदल्या रात्री पातळी बघा. पाव लिटर कमी असताना मे महिन्यात घाट चढणं म्हणजे उरलेल्या तेलावर जास्त उष्णता.

ओव्हरटेकसाठी मी पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात कमीचं टाकलंय. चाकाला साधारण सहा टक्के जास्त ओढ मिळते. हायवेला ८५ च्या वर इंजिन ओरडतं, पण आपल्याला कुठे हायवे लागतो? खर्च चेनसकट अडीच हजार.

---

कुंभार्लीचा_मास्तर | गुरुवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. लेथवाल्या काकांनी 'गणित करून बघा' म्हटलं म्हणून खरंच वही घेऊन बसलो. ५४ टक्के बरोबर आलं. मग म्हटलं, घाट चढायला मुळात लागतं किती तेही काढू.

गाडी, मी, बायको, बॅगा, सगळं मिळून ३४० किलो धरलं. चढ शंभर मीटरला सात मीटर, वेग ताशी ४० किलोमीटर. चढाविरुद्धचा जोर येतो साधारण २३३ न्यूटन. टायरचा आणि हवेचा विरोध मिळून अजून १२० धरला. म्हणजे सुमारे ३५० न्यूटन, गुणिले सेकंदाला ११.१ मीटर. उत्तर ३.९ किलोवॅट. पाच ते सव्वापाच अश्वशक्ती! चेन-गियरमधलं नुकसान धरून सहा म्हणा. आणि कंपनी या इंजिनाला १९.८ अश्वशक्ती सांगते.

तीनदा तपासलं. सहावीच्या मुलांना मी 'उत्तर पटत नसेल तर एकक बघा' असं सांगतो, तसं एककही बघितलं. बरोबर आहे.

म्हणजे घाटाला ताकद कमी पडत नव्हतीच. चांगल्या ३५० कडे चढासाठी लागते त्याच्या तिप्पट ताकद आहे. माझ्या इंजिनाची जी होती ती कुठेतरी गळून गेली आहे. ट्रकला ओलांडताना उरलेली ताकद लागते आणि तीच आटली आहे. मी ५३५ च्या पैशांत एक दुखणं झाकायला निघालो होतो असं आता वाटतंय.

थंपर, तुम्ही तुमचा खर्च आणि चूक मोकळेपणाने लिहिली, त्याचा फार उपयोग झाला. एक विचारतो. या गणिताप्रमाणे ५३५ ने सुद्धा त्याच वेगाने घाट चढलं तर ताकद तेवढीच लागणार, मग उष्णताही साधारण तेवढीच तयार व्हायला हवी ना?

---

थंपर_हडपसर | गुरुवार, रात्री ११:०२

सर, गणित बरोबर आहे, आणि मी स्वतः असा विचार कधी केला नव्हता. त्याच वेगाने चढलात तर फार फरक पडणार नाही. फरक दोन ठिकाणी पडतो. एक, ताकद असली की माणूस त्याच वेगाने चढत नाही. मी तरी चढलो नाही. दुसरं म्हणजे ट्रॅफिक. हडपसरच्या सिग्नलला उभं असताना मोठं इंजिन नुसतं चालू राहायलाही जास्त पेट्रोल जाळतं, आणि उभ्या गाडीच्या फिन्सना वारा लागत नाही. मांडी भाजते. तुमच्या घाटात ट्रकमागे पंधराच्या वेगाने दहा मिनिटं काढायची वेळ आली तर तीच परिस्थिती.

हौस म्हणून करायचं असेल तर मी आजही 'करा' म्हणेन. पण दर सोमवारी पहाटे मुलांसमोर उभं राहायचंय म्हणून ही गाडी लागते, तर नका करू.

---

कुंभार्लीचा_मास्तर | पाच आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ७:३०

काय झालं ते सांगायला आलोय, कारण इथे अर्धे धागे शेवट न सांगता संपतात आणि नंतर शोधत येणाऱ्याला काही कळत नाही.

वाशिष्ठीकाठ यांची उतारावरची तपासणी केली. पोफळीला रेस दिल्यावर आरशात निळा गोळा दिसला, आणि चढताना धूर होता पण थोडा. म्हणजे दोन्ही. मेस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, हेडपण बघू.

ब्लॉक कोल्हापूरला पाठवला. हेड खोललं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बोटाने हलवला की गाईडमध्ये डुलत होता. व्हॉल्व्हच्या सीटवर एका बाजूला काळी रेघ, तिथून कॉम्प्रेशन जात होतं. गाईड, सील, सीट सगळं नवीन केलं. बोअर पहिल्या ओव्हरसाइजला (मूळ मापाहून एक पायरी मोठा), ओरिजिनल पिस्टन. कार्ब्युरेटर पूर्ण उघडून धुतला, आतला डायफ्रॅम चिरलेला निघाला! पूर्ण रेस दिली तरी स्लाइड (हवेची वाट उघडणारी) पूर्ण वर जात नसणार. कदाचित मला 'इंजिन म्हातारं झालं' वाटत होतं त्यातला बराच भाग त्या रबराच्या चिरेतच होता. समोरचं स्प्रॉकेट एक दात कमी. सायलेन्सरला हात लावला नाही. एकूण खर्च एकवीस हजार सातशे.

बिग एंडचं बेअरिंगही तपासून घेतलं, रॉडला वर-खाली खेळ अजिबात नाही. अण्णांनी पहिले चाळीस हजार किलोमीटर फार सांभाळून चालवली होती. इंजिन गरम होईपर्यंत रेस द्यायचे नाहीत, आणि घाट चढून वर आलं की लगेच बंद करायचे नाहीत, मिनिटभर चालू ठेवायचे. एसटीची सवय. मला लहानपणी त्याचा कंटाळा यायचा.

आज गाडी हातात आली. कराडात वीस किलोमीटर फिरवली. किकवर पाय ठेवला की कॉम्प्रेशन लागतंय, कित्येक वर्षांत असं लागलं नव्हतं. आता अडचण ही की परवा सोमवार. रजा उरलेल्या नाहीत. नवीन बोअरवर लगेच सव्वाशे-दीडशे किलोमीटर आणि मध्ये घाट, चालेल का? की एसटीने जाऊ?

---

लेथ_उद्यमनगर | शनिवार, रात्री ८:१५

मास्तर, तुमचा ब्लॉक आमच्याच मशीनवर आला होता. चिठ्ठीवर 'कुंभार्ली, डबलसीट' लिहिलेलं बघून ओळखला.

घेऊन जावा, काय होत नाही. सोमवारी तुम्ही घाट उतरणार, चढणार नाही. उतरताना इंजिन ब्रेक वापरा, पण मध्ये मध्ये थोडी रेस देत जा, वर तेल चढू दे. सपाटीला ५५ च्या आत, आणि एकाच वेगानं धरून ठेवू नका, कमी-जास्त करत राहा, रिंगा त्यानंच बसतात. पाटणला आणि पोफळीला दहा-दहा मिनिटं थांबा. चोक लवकर सोडा. शनिवारी चढताना एकटेच, दुसऱ्या-तिसऱ्यावर, इंजिनाला ओढायला लावू नका. चौथ्यावर रेटत चढवली तर नवा पिस्टन तिथंच तापतो. गियर खाली टाकून हलकं फिरू द्या.

५०० किलोमीटरला तेल बदला. काढलेलं तेल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात बघा. बारीक चमक दिसंल, ती दिसायचीच. कण बोटाला लागले तर मात्र फोन करा.

वहिनींना मागं बसवायचं १,००० झाल्यावर.

---

कुंभार्लीचा_मास्तर | सोमवार, सकाळी ९:४०

शाळेत पोचलो. चार वाजून दहाला निघालो होतो. पाटणला चहा, पोफळीला दहा मिनिटं. हेलवाकच्या पुढे दाट धुकं होतं, त्यामुळे ५५ चा प्रश्नच आला नाही. पोफळीला रेस देऊन आरशात बघितलं.

धूर नाही.